दक्षिण अटलांटिक महासागरातल्या त्रिस्तान दा कुन्हा बेटावर कोणी सिरियस आजारी पडलं तर काय करतात?

दवाखाना आहे हो तिथे, कॅमोग्ली हेल्थकेअर सेंटर, 2017 चा. डॉक्टर बाहेरून कॉन्ट्रॅक्टवर येतो, सोबतीला लोकल नर्सेस. पण मोठं ऑपरेशन किंवा स्पेशालिस्ट लागला की केपटाऊन, म्हणजे जवळपास 2800 किमी, विमानतळ नाहीच त्यामुळे बोटीने आठवडाभर, तेही बोट असेल आणि समुद्र शांत असेल तर. म्हणून तिथे जाणारा डॉक्टर ऑलराउंडरच पाहिजे, एकाच विषयात मास्टर असून भागत नाही. आणि मूळ घराणी मोजकीच, त्यांच्यातला दमा पुढच्या पिढ्यांत उतरत गेल्याने दम्याचं प्रमाण खूप आहे, त्यावर टोरांटो युनिव्हर्सिटीवाल्यांनी रिसर्चही केलाय.