आत वळलेला अंगठा, मेंदूत पाणी आणि एल-वन-कॅम: तुमचे प्रश्न

एल-वन-कॅम हा एक्स क्रोमोसोमवरचा जीन. त्याचं प्रोटीन चेतापेशींच्या अंगावर असतं, पोटात मेंदू घडताना पेशींचे तंतू एकमेकांना धरून नीट वाटेने वाढतात त्यात त्याचं मोठं काम. तो बिघडला की मुलग्यांमध्ये मेंदूत पाणी साठणं, अंगठे आत वळणं, पाय कडक होणं असं दिसतं. तेच तेच विचारलं जातंय म्हणून एकदाच लिहितो.

प्रश्न: ग्रहणात भाजी चिरली म्हणून अंगठे असे झाले का?
नाही.

प्रश्न: सासूबाई म्हणतात मालिशने अंगठा सुटेल. थांबू का?
थांबू नका. तान्ही बाळं अंगठा मुठीत धरतातच, पण दूध पिऊन झोपलं की मूठ सैल पडते आणि अंगठा सहज बाहेर येतो. तुम्ही लिहिलंय की चारही बोटं उघडतात आणि अंगठा तळहातावर आडवा तसाच राहतो, याची कारणं इतरही असतात, पण याच आठवड्यात डोक्याचा घेर मोजून घ्या आणि मुलांच्या न्यूरोलॉजिस्टना दाखवा. अंगठा ओढू मात्र नका.

प्रश्न: मी ठणठणीत आहे, मग दोष माझ्याकडून कसा?
तुमच्याकडे दोन एक्स आहेत, एक बिघडला तरी सहसा निभावतं. मुलाकडे एकच. तुम्ही कॅरिअर असाल, म्हणजे एका एक्सवर बिघडलेला जीन असेल, तर प्रत्येक मुलग्याला ५०% धोका. कधीकधी बदल बाळातच नवा होतो, म्हणून तुमची टेस्ट हवी. यात तुमची चूक काहीच नाही, कोणी बोललं तर हे उत्तर दाखवा.

प्रश्न: पहिला मुलगा मेंदूत पाणी होऊन गेला. आता चौथा महिना, करिओटाइप, एनआयपीटी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. आता निश्चिंत ना?
नाही, आणि याच गोष्टीने माझा जीव खालीवर होतो. करिओटाइपमध्ये क्रोमोसोमची संख्या नि ठळक मोडतोड दिसते, इथे जीनच्या एका अक्षराची चूक असू शकते, ती त्यात दिसतच नाही. नेहमीची एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून होणारी बाळाची तपासणी, मुख्यतः डाऊनसारखे आजार बघते, 'सगळे जेनेटिक आजार कळतात' असं सांगून ती विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. सोनोग्राफी २० आठवड्यांना नॉर्मल असूनही पाणी नंतर वाढू शकतं, आणि २४ आठवड्यांनंतर गर्भपातासाठी कायद्याने मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं, म्हणजे वेळ हातात नाही. पहिल्या बाळाचा डीएनए कुठे ठेवलाय का ते आजच विचारा, कारण मेंदूतलं पाणी दरवेळी याच जीनमुळे नसतं, इन्फेक्शन, रक्तस्राव काहीही असू शकतं, आणि नेमका बदल सापडला तरच पोटातल्या बाळाची टेस्ट भरवशाची होते. खरं तर हे दिवस राहण्याआधी व्हायला हवं होतं, मग ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेता आला असता. आता गर्भजल तपासणी उरते. उद्या सकाळी जेनेटिसिस्ट गाठा.

प्रश्न: मुलगी असेल तर धोका कमी, मग लिंगच का सांगत नाहीत?
कायद्याने गुन्हा आहे. आणि कॅरिअर आईचे निम्मे मुलगे निरोगी असतात, तपासायचा तो जीन.

प्रश्न: शंट बसवला की बुद्धी नॉर्मल होईल?
शंट म्हणजे मेंदूतलं जास्तीचं पाणी बाहेर वळवणारी नळी, तिने दाब उतरतो, जीन बदलत नाही. फिजिओथेरपी लगेच सुरू करा, पुढचं न्यूरोलॉजिस्टशी बोलून.

प्रश्न: बहिणीचं लग्न ठरलंय. तिला सांगू का?
सांगा, तीही कॅरिअर असू शकते. तुमचा रिपोर्ट घेऊन तिला जेनेटिक काउन्सेलरकडे पाठवा.