घास अडकतोय, रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता काय करायचं?

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका ताईंचं पत्र आलंय. नवरा ३४ वर्षांचा. दिवाळीच्या गेट-टुगेदरला चपातीचा घास घशात अडकला, जोराचा ठसका लागला, थोड्या वेळाने घास उतरला पण, विषय तिथेच संपायला हवा होता. तेव्हापासून पाच महिने झाले, चपाती बंद, भाकरी बंद, चिकन बंद, नुसता मऊ भात नाहीतर सूप. वजन सहा किलोने उतरलंय. जीपींनी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, ओमेप्रॅझोल हे अ‍ॅसिडिटीचं औषध दिलं, एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी झाली, नॉर्मल आली. ताई लिहितात, "जेवताना एक हात कायम गळ्यावर असतो, एकेक घास चावत बसतात, वरण गार होऊन थिजतं तरी ताट संपत नाही. आणि आता आमची चार वर्षांची लेक पण घास तोंडात घेतला की गळ्याला हात लावते. रात्री दोनला उठून फोनवर कॅन्सरची लक्षणं वाचत बसतात. सासूबाई सांगलीहून रोज व्हिडिओ कॉलवर रडतात. हे सगळं मनाचं आहे, की डॉक्टरांकडून काहीतरी सुटतंय?"

ताई, तुमच्या प्रश्नातला तो 'की' मला आधी काढून टाकायचाय. मी इथे हॉस्पिटलमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे, बोलण्याइतकंच गिळण्याचं कामही आमच्याकडेच असतं, आणि बहुतेक घरं याच 'की'वर अडकून बसलेली मी बघते. आधी शरीराचं सगळं क्लिअर होऊ दे मग मनाचं बघू, किंवा रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आता हे मनाचंच, असं. दोन्ही कामं एकाच वेळी चालू करायची असतात.

आधी तपासणीचं. एंडोस्कोपीच्या वेळी अन्ननलिकेच्या बायोप्सी, म्हणजे तपासायला आतले बारीक तुकडे, घेतल्या होत्या का, हे जीपींना विचारा, रिपोर्टची कॉपी मागून घ्या आणि स्वतः वाचा. हे मी मुद्दाम पहिलं सांगतेय कारण इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस नावाचा अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीसारखी सूज येण्याचा एक आजार आहे, तरुण पुरुषांमध्ये जास्त दिसतो, लहानपणापासून दमा, एक्झिमा, कसली ना कसली अ‍ॅलर्जी असलेल्यांमध्ये तर विशेष, आणि त्यात दुर्बिणीतून अन्ननलिका अगदी छान दिसू शकते. अन्ननलिकेतल्या वेगवेगळ्या जागांचे तुकडे, निदान सहा, मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय तो कळत नाही. त्यात चपाती, मांस असं कोरडं-चिवटच अडकतं. यावर औषध आहे, काहींना दूध किंवा गहू बंद करून फरक पडतो, पण ते डायटिशियनच्या देखरेखीखाली, आपल्या मनाने नाही, आधीच सहा किलो गेलेत.

दुसरं, नेमकं काय होतं ते लिहून काढा. नुसतं घट्ट अडकतं की पाणीसुद्धा? पहिल्यापासून दोन्ही अडकत असेल, झोपल्यावर खाल्लेलं तोंडात येत असेल, तर अन्ननलिकेच्या हालचालीत गडबड असू शकते, अ‍ॅकलेशिया त्यातलाच, त्यासाठी बेरियमचा एक्स-रे आणि मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी, लागते. खाताना सगळं नीट उतरतं पण मधल्या वेळेत घशात गोळा असल्यासारखं वाटतं, तर तो बहुतेक ग्लोबस, खूप कॉमन आहे आणि धोकादायक नाही. गिळताना खोकला येतो, पाणी नाकातून येतं, तर आमच्याकडे रेफरल मागा. अडकल्याची जागा बोटाने दाखवतात ना, त्यावर फार विसंबू नका, खाली छातीत अडकलेलंसुद्धा घशातच जाणवतं. जीपीकडे दहा मिनिटं मिळतात, त्यात "त्रास होतो" एवढंच सांगितलं तर पुन्हा ओमेप्रॅझोलच मिळेल. वजन किती कमी झालं तो आकडा पहिल्या वाक्यात सांगा, तो त्यांनी गांभीर्याने घ्यायलाच हवा. आणि सुपारी, मावा, तंबाखू कधी खाल्ला असेल तर तेही सांगायचं, लाजायचं नाही.

आता वाट न बघायच्या गोष्टी. घास अडकला आणि स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाहीये, तर थेट ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग गाठा. वरून भाताचा गोळा किंवा केळं ढकलायचं नाही, आपल्याकडे सगळे हाच उपाय सांगतात पण याने अडकलेलं आणखी घट्ट बसू शकतं. रक्ताची उलटी झाली किंवा शौच काळी डांबरासारखी झाली तरी तसंच, लगेच.

आणि आता मनाचं, जे या तपासण्या चालू असतानाच करायचं. एक करून बघा, आत्ता वाचता वाचताच, तोंडात काही नसताना पाच वेळा ओळीने आवंढा गिळा. चौथ्या-पाचव्याला गिळवत नाही ना? लाळ संपते, बाकी काही नाही. तुमचे मिस्टर दिवसभर हेच करून बघत असतील, "जातंय का, जातंय का", आणि प्रत्येक वेळी शरीर उत्तर देतं की जात नाहीये. त्यात भीतीने तोंड कोरडं पडतं, मान आवळली जाते. आपली भाषाच म्हणते कंठ दाटून आला, घास घशाखाली उतरेना. हे खरंखुरं जाणवतं, नाटक नसतं, त्यामुळे "काही नाही होत तुला" हे दिवसातून वीस वेळा म्हणणं बंद करा. त्याने दहा मिनिटं बरं वाटतं आणि परत तोच प्रश्न येतो. त्यापेक्षा "भीती वाटतेय ना, मी बसलेय इथे" एवढं म्हणा आणि दुसऱ्या विषयावर बोला. गळा चाचपणं, सारखं खाकरणं कमी करायचं, खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट. रात्रीचा फोन बेडरूमच्या बाहेर चार्जिंगला.

इंग्लंडमध्ये एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीज या समुपदेशनाच्या सोयीला जीपीशिवाय स्वतःचं नाव देता येतं, पैसे लागत नाहीत, दुभाषा मागता येतो, ऑफिसला काही कळवलं जात नाही. तब्येतीच्या धास्तीवर सीबीटीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचा, चांगला उपयोग होतो. नाव आजच द्या, नंबर लागेपर्यंत वेळ जातो.

अडथळा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं की मग पदार्थ पायरी पायरीने परत आणायचे, मऊ भातावरून खिचडी, मग उपमा, मग आमटीत कुस्करलेली चपाती, कोरडी चपाती सगळ्यात शेवटी. एकेका पायरीवर आठवडा गेला तरी चालेल.

पुण्याला जाऊन पटकन सगळं करून येऊ असं मनात असेल तर जा, पण बायोप्सीचा लेखी रिपोर्ट घेऊन या, आणि निव्वळ खात्रीसाठी तीच एंडोस्कोपी दर सुट्टीत करू नका. सासूबाईंना जेवणाच्या वेळी कॉल नको म्हणून सांगा, प्रेमाने, त्यांचाही जीव टांगणीला लागलाय, रोज ठरावीक वेळी त्यांच्याशी मुलानेच बोलावं, तब्येत सोडून.

लेकीला रागावू नका. ती बाबाचं बघून करतेय. जेवताना तिच्याशी शाळेच्या गप्पा मारा, गळ्यावरचा हात बघितलाच नाही असं करा. आणि बायोप्सीचं काय निघालं ते मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.