आधी मुकादमाची यादी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्यांशेजारी, म्हणजे त्यांच्या झोपड्यांशेजारी, त्यांच्या मुलांसाठी ताडपत्री बांधून शाळा काढायची, पुस्तकं-पाट्या जमवायच्या, मित्रांना आळीपाळीने शिकवायला न्यायचं, हा बेत वाचून बरं वाटलं. तरी सांगते, सुरुवात तिथून करू नकोस. तू ज्या मुलांसाठी पश्चिम महाराष्ट्रात तयारी करतोयस ती मुलं आत्ता, ऑगस्टमध्ये, पाटोद्याच्या, धारूरच्या, शिरूर कासारच्या, पाथर्डीच्या जिल्हा परिषद शाळांत बसलेली आहेत. हजेरीपटावर त्यांची नावं आहेत, गुरुजी त्यांना ओळखतात. दिवाळीच्या आसपास ट्रक लागले की हीच मुलं तुला फडाच्या कडेला शोधत हिंडावी लागतील. मग आत्ताच का गाठू नयेत?

इकडची रीत समजून घे. मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा, पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटतो. उचल मिळते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. एकदा पैसे घेतले की त्या दोघांना जावंच लागतं, तिथे तुझं-माझं काही चालत नाही. पोरांवर मात्र कोणी उचल दिलेली नसते. ती जातात कारण मागे त्यांना खाऊ घालणारं कोणी नसतं, किंवा तान्ह्याला सांभाळायला थोरली लागते, किंवा मुलगी वयात आलेली असते आणि तिला कोणाच्या भरवशावर ठेवायचं हा आईबापाला घोर असतो. ही तीन कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवून देऊ' असं तू लिहिलंयस, ते आधी खोडून टाक. पहाटे चार वाजता फडात वाकणाऱ्या बाईला ते तुझ्यापेक्षा जास्त पटलेलं आहे.

पहिल्या कारणासाठी हंगामी वसतिगृह आहे. गावच्याच शाळेत, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत, हंगामापुरतं चालतं. पुष्कळ ठिकाणी मूल जेवतं वसतिगृहात आणि झोपतं आजीकडे. आजीच्या अंगावरचा चुलीचा भार उतरला की ती नातवाला ठेवून घ्यायला तयार होते. पण वसतिगृह मिळायचं तर कोणती मुलं जाणार आहेत याचा सर्व्हे वेळेत व्हावा लागतो, प्रस्ताव वर जावा लागतो. दिवाळीनंतर पाठवलेला प्रस्ताव मंजूर होईपर्यंत अर्धी मुलं उसात असतात. पैसेही उशिरा येतात. तोवर गावातला किराणा दुकानदार समितीला किती दिवस उधार देतो, यावर भाजीत डाळ किती पडेल ते ठरतं. तू शहरातून देणग्या गोळा करणारच असशील, तर पाट्यांऐवजी ही मधली उधारी भागव.

सर्व्हेसाठी शाळेचा हजेरीपट पुरत नाही. मुकादमाची यादी मिळव. कोणता कोयता कोणत्या कारखान्याला जाणार, टायर गाडीवर (स्वतः बैलगाडीने ऊस वाहणारे) की डोकी सेंटरला (डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणारे), हे त्याच्या वहीत असतं. मुकादम बहुधा त्याच गावचा, कोणाचा तरी पाव्हणाच असतो. चळवळीतली आपली माणसं त्याला खलनायक करून मोकळी होतात. त्याने वजनात, हिशेबात लोकांना नाडल्याच्या गोष्टी खऱ्या असतात, मी त्याची वकिली करत नाही. पण मुलाचा पत्ता त्याच्याचकडे असतो, तेव्हा त्याच्या ओसरीवर बसून चहा प्यायला शीक.

टायर गाडी की डोकी सेंटर, हे विचारायला विसरू नकोस, कारण तुझ्या ताडपत्रीचं भवितव्य त्यावरच आहे. टायर गाडीवाल्यांच्या कोप्या कारखान्याजवळच्या तळावर पडतात आणि बहुतेक हंगामभर तिथेच राहतात. तिथून मुलांना जवळच्या शाळेत नेता येतं. डोकी सेंटरवाले ऊस संपेल तसे गाव बदलतात. त्यांच्या मुलासाठी तू आज शाळा ठरवलीस तर पंधरवड्याने टोळी दुसऱ्या तालुक्यात असेल. ही मुलं गावीच ठेवण्यासाठी सगळ्यात जास्त जीव लाव.

तरी काही मुलं जातीलच. त्यांच्यासाठी निघण्यापूर्वी गावच्या मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घे. ते दाखवलं की मुलाचं नाव गावच्या शाळेत राहून त्याला तिकडच्या शाळेत बसता येतं. पत्रक हरवलं तरी घाबरू नकोस. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्याच्या कलम 4 मध्ये वयाला साजेसा वर्ग आणि विशेष प्रशिक्षण आहे. कलम 5 सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही ते कलम 14, आणि वर्षाच्या मधे आला म्हणून परत पाठवता येत नाही ते कलम 15. हे पाठ असू दे, पण तिथल्या गुरुजींच्या तोंडावर फेकू नकोस. त्यांच्या वर्गात जानेवारीत अचानक बारा नवी मुलं येतात, पोषण आहाराचा तांदूळ जुन्या पटावर आलेला असतो आणि ही मुलं मार्चमध्ये न सांगता निघून जाणार हे त्यांना माहीत असतं. त्यांची कुरकुर अगदीच खोटी नसते.

पूर्वी तळावर साखरशाळा असायच्या. हा कायदा लागू झाल्यावर बहुतेक बंद पडल्या, मुलांनी नेहमीच्या शाळेत जावं म्हणून. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. पण नेहमीची शाळा दोन किलोमीटरवर, मधे उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला रस्ता, आणि आईबाप पहाटेच फडात गेलेले. सात वर्षांच्या पोराला उठवून, तोंड धुऊन, साडेदहाला शाळेत पोचवणार कोण? तळावर तुझी गरज आहे ती इथे. सकाळी कोप्यांवरून फिर, मुलं गोळा कर, शाळेपर्यंत चालत ने, संध्याकाळी परत आण. शिकवायची हौस संध्याकाळी भागव. कडेवर भाऊ घेऊन येणारी मुलगी दिसली तर भावाला अंगणवाडीत बसव. अंगणवाडी नसेल तर वर्गात मागे बसू दे म्हणून गुरुजींना विनव. भावाला घरी ठेवून ये म्हटलंस की ती उद्यापासून येणार नाही.

प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक पातळ वही ठेव. पहिल्या पानावर गावच्या गुरुजींनी साध्या शब्दांत लिहावं: जोडाक्षरं वाचतो का, हातच्याची वजाबाकी येते का, पाढे कुठवर. बस, एवढंच. तिकडच्या शिक्षकाला चाचणीचे कागद भरायला वेळ नसतो, हे पान तो दोन मिनिटांत वाचतो. तांड्यावरच्या मुलांसाठी त्यात एक ओळ जास्त हवी, की घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतो, मराठी कळते पण बोलायला वेळ घेतो. ही ओळ नसली की मूल मंद ठरतं आणि मागच्या बाकावर जातं. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, मूल गावी परतलं की ती वही पुन्हा इकडच्या गुरुजींच्या हातात गेली पाहिजे. दुसरं सत्र हुकलेलं मूल जूनमध्ये वरच्या वर्गात बसतं खरं, पण भागाकार मागेच राहिलेला असतो. एप्रिलमध्ये गावात वर्ग घ्यायला माणसं मिळत नाहीत, तेव्हा तुझे मित्र तिथे हवेत.

मुलींचं थोडं वेगळं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला मागे ठेवायचं म्हटलं की पहिला प्रश्न रात्रीचा येतो. वसतिगृहात रात्री बाई आहे का, कडी आतून लागते का, संडास कुठे, हे तू स्वतः जाऊन बघ, मगच आईशी बोल. याचं समाधान झालं नाही तर आईबाप तिचं लग्न उरकतात, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना 2021 मध्ये आली, 41 तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशी 82 वसतिगृहं ठरली. तुझ्या यादीतल्या तालुक्यांत कोणती खरंच सुरू आहेत आणि मुलींसाठी किती जागा रिकाम्या आहेत, ते फोनवर न विचारता दारात जाऊन पाहा. मुलगे चौदा-पंधराला अर्ध्या कोयत्यावर, म्हणजे जोडीशिवाय एकट्याने, जायला लागतात. त्यांच्यासाठी माझ्याजवळ खात्रीचा उपाय नाही. आठवीनंतर जवळ शाळा आणि राहायची सोय असली की काही टिकतात, एवढं पाहिलंय.

बेळगावकडे जाणाऱ्या टोळ्यांचं तू विचारलंस. तिथे सीमाभागात मराठी शाळा आहेत, पण कारखान्याजवळ असतीलच असं नाही, आणि कन्नड वर्गात चार महिने बसून तिसरीतल्या मुलाच्या हाती फारसं लागत नाही. ती मुलं मी तरी गावीच ठेवायचा हट्ट धरीन. पोळ्याच्या आत इकडे ये. मुकादमांच्या वह्यांतून तिकडे जाणारे कोयते वेगळे काढू आणि त्या गावांचे वसतिगृहाचे प्रस्ताव आधी लिहायला घेऊ. मुक्काम माझ्याकडेच कर.

तुझी,
बाई