‘प्रिन्सेस टुटू’ ही जपानी अॅनिमे मालिका डीव्हीडीवर घ्यावी की ब्लू-रेवर? भारतात चालेल का?

आधी रीजन बघा, म्हणजे डिस्क जगातल्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालते ते; बाकीचं नंतर. अमेरिकेतल्या डीव्हीडी रीजन १ च्या असतात, आपला रीजन ५. ब्लू-रेमध्ये अमेरिका ए, आपण सी. त्यामुळे घरातला साधा प्लेयर डिस्क तोंडावर परत फेकू शकतो. रीजन-फ्री, म्हणजे कुठल्याही रीजनची डिस्क चालवणारा प्लेयर असेल तर मात्र सरळ सेंटाय फिल्मवर्क्स या अमेरिकी कंपनीचा ब्लू-रे संच घ्या. एडीव्ही या आधीच्या अमेरिकी कंपनीच्या जुन्या डीव्हीडी सुट्या खंडांत आल्या होत्या, त्या गोळा करत बसण्यात अर्थ नाही.

एकूण भाग २६. जपानमध्ये २००२-०३ साली लागली तेव्हा दुसऱ्या पर्वाचे बहुतेक भाग निम्म्या लांबीचे तुकडे करून दाखवले होते. डिस्कवर ते जोडलेले आहेत, म्हणून कुठे ३८ भाग लिहिलेले दिसले तर घाबरू नका.

नाव नि गुलाबी मुखपृष्ठ बघून ‘लहान मुलींचं काहीतरी’ म्हणून सोडू नका, मीही आधी तेच केलं होतं! नायिका मुळात बदक आहे. तोंडून चुकून ‘क्वॅक’ निघालं की पुन्हा बदक, पाणी लागलं की परत मुलगी. ती कुणाशी मारामारी करत नाही. हात पुढे करून ‘माझ्याबरोबर नाचशील?’ विचारते, आणि समोरचा नाचता नाचता मनातलं बोलून जातो. मागे रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचं संगीत वाजत असतं. बॅले शिकवणारे मास्तर चक्क मांजर आहेत, ऐकलं नाही तर लग्न करीन अशी धमकी देतात.

जपानी आवाजात सबटायटल लावून बघा.