ग्लुकोज जळत नाही, आंबतं

विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: पेशी ग्लुकोजचे तुकडे करून ऊर्जा मिळवते, त्याला मराठीत 'ज्वलन' म्हणावं की 'श्वसन'? आणि पुस्तकातलं 'किण्वन', म्हणजे आंबणं, त्याहून वेगळं का?

'ज्वलन' तर नाहीच नाही. व्यायामशाळेपासून आरोग्य पुरवण्यांपर्यंत जिकडेतिकडे साखर 'जळते', चरबी 'जळते'. ऐकून कान किटले. खूळ जुनं आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये लव्हाझिए या रसायनज्ञाने गिनीपिगच्या उबेने किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि श्वसन म्हणजे मंद ज्वलन, असं ठरवलं. माणूस थोर, उष्णतेचा हिशोबही चोख. पण पेशीत डोकावून बघायची सोय त्याच्याकडे नव्हती, आपल्याकडे आहे. पेशीद्रव्यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून दहा पायऱ्यांत पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात, आणि या दहांपैकी एकाही पायरीला ऑक्सिजन लागत नाही. उलट पेशीच आधी पदरचे दोन एटीपी (एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन) मोडते, मग चार हाती येतात, निव्वळ सुटतात दोन. हा वाण्याचा धंदा झाला, शेकोटी कुठली?

'श्वसन' पुढच्या टप्प्याला शोभतं, तंतुकणिकेतल्या (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतलं ऊर्जाघर). तिथेही ऑक्सिजन अगदी शेवटी येतो आणि त्याचं पाणी होतं. (श्वासातला ऑक्सिजनच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, असं शिकवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) आपल्या तांबड्या रक्तपेशींना तर तंतुकणिकाच नसतात. अंगभर ऑक्सिजन वाहायचा आणि स्वतःसाठी कणभरही वापरायचा नाही. सगळा संसार त्या दोन एटीपींवर.

पण खरी गंमत 'ग्लुकोज' या नावातच आहे. 'गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून' असं लिहून कोशकार मोकळे होतात. साफ आळस! गोड या अर्थाचा शब्द आहे 'ग्लुकुस', तो 'ग्लायकोलायसिस'मध्ये, म्हणजे त्या दहा पायऱ्यांच्या शास्त्रीय नावात, आलाय. 1838 मध्ये फ्रेंच रसायनज्ञांनी ग्लुकोज हे नाव ठेवलं ते 'ग्लेउकोस'वरून, म्हणजे नुकताच पिळलेला, अजून न चढलेला द्राक्षरस. दोन्ही शब्द एका कुळातले, मान्य. पण चुलतभावाच्या नावाने पत्र पाठवलं तर ते पोचतं का?

आणि ग्लेउकोसला मराठीत चपखल शब्द आहे: नीरा! पहाटे उतरवलेली नीरा पेल्यात घेऊन बघा. थंडगार, गोड, जवळजवळ पारदर्शक. तोच पेला उन्हात विसरा. कडेने बारीक बुडबुडे धरतात, वर फेसाची साय येते, वास आंबूस होतो, आणि दुपारपर्यंत तिची ताडी झालेली असते. ग्लुकोज म्हणजे द्राक्षाच्या नीरेतली साखर, असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलोय. एक रसायनवाले स्नेही दरवेळी टोकतात की नीरेत मुख्यतः उसातलीच साखर असते. असेल! यीस्ट तिचे आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करतं, मगच फेस येतो. मी माघार घेत नाही.

कारण ग्लुकोजच्या विघटनाचा शोध लागला तोही याच फेसातून. 1897 मध्ये बुखनर या जर्मन रसायनज्ञाने यीस्ट वाटून, दाबून नुसता रस काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली (आपण मुरांब्यात घालतो तशीच), तर रस फसफसायला लागला. जिवंत पेशी एकही नाही आणि किण्वन चालू! 1907 चं नोबेल त्यालाच मिळालं.

आता 'किण्वन'. एक शुद्धिवादी गृहस्थ याला सरकारी बनावटीचा शब्द म्हणून नाक मुरडतात आणि वर 'किन्वन' असा उच्चार करतात. अहो, किण्व कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे, सुराध्यक्षाच्या प्रकरणात. मद्य चढवायला घालतात ते किण्व. चार्वाकांचा तर दाखलाच आहे, 'किण्वादिभ्यः... मदशक्तिवत्': सुट्या द्रव्यांत नशा नसते, ती एकत्र आली की येते, तसंच जडातून चैतन्य. बुखनरच्या पेशीविरहित रसाला याहून चांगलं घोषवाक्य मला तरी सुचत नाही.

वेगळेपणाचं म्हणाल तर पहिल्या दहा पायऱ्या श्वसनात आणि किण्वनात त्याच. पुढे यीस्ट पायरुविक आम्लाचं अल्कोहोल करतं, विरजणातले जीवाणू लॅक्टिक आम्ल. धावत जिना चढताना तुमच्या मांडीचे स्नायूही तेच आम्ल करतात, म्हणजे थोडंसं विरजणच लागतं म्हणा.

आणि हो, बाई, परीक्षेत मुलांना 'पेशीश्वसन' लिहू द्या. पेपर तपासणारे नीरेला गुण देत नाहीत.