बायपासखालून फायबर: ७४ दिवस उलटले, आता खोदू का?

प्रश्न: राऊजवळ माझा इंटरनेटचा धंदा आहे, परवाना सी कॅटेगरीचा, म्हणजे छोट्या क्षेत्रापुरता. बायपासपलीकडच्या वसाहतीत फायबर न्यायचंय. केबल टाकण्याच्या परवानगीसाठी सरकारच्या गतिशक्ती संचार पोर्टलवर अर्ज टाकून ७४ दिवस झाले, उत्तर नाही. बायपासच्या देखभालीचा ठेकेदार म्हणतो, रोख द्या, ना-हरकत लिहून देतो. परवानगी मिळाली असं धरून काम सुरू करू का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: इतक्यात मशीन लावू नका. आणि ठेकेदाराला एक रुपयाही देऊ नका. त्याच्या लेटरहेडवरच्या ना-हरकतीला कायद्यात किंमत नाही. रस्ता महामार्ग प्राधिकरणाचा आहे, त्यामुळे परवानगी त्यांच्या प्रकल्प संचालकाकडूनच हवी.

दिवसांचा हिशेब तुमच्या बाजूने दिसतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे राइट ऑफ वे नियम (दुसऱ्याच्या जागेतून केबल नेण्याच्या हक्काचे) १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. त्यांत ६७ दिवसांत मंजुरी किंवा लेखी कारणांसह नकार द्यावा लागतो, नाहीतर परवानगी मिळाली असं मानलं जातं. पण आधी लॉगिन करून बघा: मध्येच कुणी त्रुटी काढली होती का? नकाशा किंवा किलोमीटरचा तपशील मागून ठेवलेला असतो आणि अर्जदार पोर्टल उघडतच नाही, इथेच बहुतेक प्रकरणं अडकतात. अर्ज परवानाधारकाच्याच नावाने आहे ना, हेही तपासा. बायपास सोडल्यावर वसाहतीत जाणारा रस्ता नगर परिषदेचा किंवा नगरनिगमचा असेल, तर त्यांची परवानगी वेगळी लागेल.

हे सगळं ठीक असलं तरी २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्याचं कलम ३८ महामार्गाच्या जमिनीत केबल टाकायला आधी लेखी परवानगी मागतं. उद्या कुणी काम थांबवलं तर हेच कलम तुमच्यापुढे ठेवतील. म्हणून प्रकल्प संचालकांना स्पीड पोस्टने पत्र पाठवा: अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, ६७ वा दिवस कोणता, क्रॉसिंग नेमकं कुठे, आणि काम कधी करणार. मुदत संपल्याची नोंद घेऊन लेखी पुष्टी द्यावी, अशी विनंती करा. सोबत पोर्टलचा स्क्रीनशॉट जोडा. एक प्रत कलेक्टर कार्यालयात द्या, कारण राइट ऑफ वेचे वाद सोडवण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे कलेक्टरांनाच आहे. पत्राला दाद मिळाली नाही, तर याच पत्राच्या आधारे त्यांच्याकडे अर्ज करा.

पुष्टी आली की रस्ता उघडा खोदायचा नाही. एचडीडी मशीनने (रस्ता न फोडता खालून आडवं भोक पाडणारं यंत्र) काटकोनात बोअर मारा, फायबर केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या संरक्षक पाइपमधूनच न्या. पाइपचा वरचा भाग रस्त्याच्या पृष्ठभागापासून किमान १.२ मीटर आणि नाल्याच्या तळापासून किमान ०.३ मीटर खाली हवा. रस्ता मातीच्या भरावावर उंच असेल तिथे पाइप एका बाजूच्या उताराच्या पायथ्यापासून दुसऱ्या बाजूच्या पायथ्यापर्यंत न्या. आधी 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर सूचना टाका, म्हणजे खालून गेलेली दुसऱ्याची लाइन फुटायची नाही.

मशीनसाठी खणलेले खड्डे भरताना खास काळजी घ्या. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एकदम ढकललेला भराव पहिल्याच पावसाळ्यात खचतो आणि दुरुस्तीचा भुर्दंड तुमच्यावर येतो. थर घालून, प्रत्येक थर ठोकून भरा आणि दर थराचा तारखेसह फोटो ठेवा.