वाचकांचे प्रश्न : गोव्याचं इन्क्विझिशन आणि तापीकाठचा व्यापारी

प्रश्न : बऱ्हाणपूर-नंदुरबार-सुरत या वाटेने खानदेशचं कापड बंदरावर जायचं. आपल्याकडच्या एखाद्या हिंदू व्यापाऱ्याला गोव्याचं इन्क्विझिशन धरू शकत होतं का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : सुरतेपर्यंत तरी नाही. इन्क्विझिशन म्हणजे पाखंड, म्हणजेच चर्चच्या शिकवणीविरुद्धचं वागणं-बोलणं, शोधून शिक्षा करणारं कॅथलिक चर्चचं न्यायालय. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि खानदेश मोगलांकडे आला. सुरतही मोगलांचंच बंदर. १५६० मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या न्यायालयाचा अधिकार मोझांबिकपासून मकावपर्यंत होता, पण फक्त पोर्तुगीज मुलुखात. आपल्याला सगळ्यात जवळचं असं ठाणं म्हणजे दमण. वसई आणि चौल त्याच्या दक्षिणेला. अशा ठाण्यांत न्यायालयाचा प्रतिनिधी बसे. तो तक्रारी नोंदवून घेई आणि आरोपीला गोव्याला पाठवी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथला हा अंमल संपला.

दुसरी अट बाप्तिस्म्याची. खटला पाखंडाचा, आणि पाखंडी ठरायला माणूस आधी ख्रिस्ती असावा लागे. म्हणून या न्यायालयाचा खरा जाच झाला तो बाटलेल्या कुटुंबांना. मात्र पोर्तुगीज हद्दीत कुणी नवख्रिस्त्याला जुन्या धर्मात परत नेलं, धर्मांतरात अडथळा आणला किंवा बंदी असलेले विधी केले, तर हिंदूही कचाट्यात सापडे. १७३६ च्या हुकूमनाम्यात नवख्रिस्त्यांना काय काय मना होतं ते वाचण्यासारखं आहे : लग्नातली हळद आणि ओव्या, अंगणातली तुळस, एकादशीचा उपास, इतकंच काय, भात अळणी शिजवून मीठ वरून घेणंसुद्धा. चुलीपर्यंत नजर पोचली होती म्हणायची.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. हा खटला प्रत्यक्षात कसा चाले? वकील मिळे का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : सुरुवात चुगलीने होई. चर्चमध्ये फर्मान वाचलं जाई : स्वतःचं पाप सांगा, दुसऱ्याचं ठाऊक असेल तर तेही सांगा. साक्षी पुरेशा वाटल्या की अटक, आणि त्याचबरोबर मालमत्तेची यादी. आरोपीला आरोप सांगत नसत. पहिला प्रश्न ठरलेला : ‘तुला का आणलंय, ठाऊक आहे का?’ मग वंशावळ विचारायची, प्रार्थना म्हणून घ्यायच्या आणि कबुलीसाठी तीनदा ताकीद द्यायची. त्यानंतर कुठे आरोपपत्र वाचलं जाई.

वकील मिळे, पण तो न्यायालयानेच नेमलेला. साक्षी वाचून दाखवत, त्याही साक्षीदाराचं नाव, जागा, वेळ गाळून. बचावाची मुख्य वाट एकच : आपल्या वैऱ्यांची नावं द्यायची. साक्षीदार त्यांतला निघाला तर त्याची साक्ष लंगडी पडे. आता भाऊबंदकीत शेताचा बांध कोरणारा चुलतभाऊ आठवतो, पण आपण हसत बोललेलं वाक्य ज्याने पोचवलं तो शेजारी कुठून आठवणार?

खरी गोम पुढे आहे. अर्धवट कबुली चालत नसे. सोबत कोण होतं तेही सांगावं लागे. आरोपी अंदाजाने नावं घेई, त्यांतून नव्या अटका होत. छळाला पोपच्या १२५२ च्या आज्ञेपासून परवानगी होती. छळाखाली दिलेली कबुली एक दिवस उलटल्यावर, छळाच्या खोलीबाहेर पुन्हा वदवून घेत. कागदोपत्री ती ‘स्वेच्छेची’. नाकारली, तर परत त्याच खोलीची भीती.

शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याचं उदाहरण घ्या. दमणच्या प्रतिनिधीकडे तो आपण होऊन गेला, आपण काय बोललो ते सांगितलं. तरी अटक झालीच. १६७६ च्या जानेवारीत गोव्यात शिक्षा वाचली गेली : मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी, पोर्तुगालमध्ये पाच वर्षं सक्तमजुरी. शिक्षा वाचण्याआधी आरोपींची मिरवणूक निघे, तिच्यात कपड्यांवरून निकाल कळे. पिवळ्या झग्यावर तिरपा लाल क्रूस म्हणजे जीव वाचला. ज्वाळा खाली तोंड करून रंगवलेल्या असतील, तर शिक्षा ठरल्यावर कबुली देऊन सुटलेला. ज्वाळा वर आणि मध्ये स्वतःचं चित्र असेल, तर जाळायचा. ते काम चर्च स्वतः करत नसे. आरोपी सरकारच्या ताब्यात देई.

प्रश्न : ‘गोव्यात लाखो जाळले’ असा मेसेज फिरतोय. दप्तर जाळलं म्हणतात, मग आकडे आले कुठून? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : लाखो नाहीत. १८१२ मध्ये न्यायालय कायमचं बंद झालं आणि त्यानंतर गोव्यातलं दप्तर नष्ट केलं गेलं, हे खरं. पण लिस्बनला याद्या जात. १६२३ पर्यंतच्या ३,८०० खटल्यांची सूची तिथे शिल्लक आहे. अशा कागदांवरून १७७४ पर्यंतचे खटले १६,००० च्या वर भरतात. प्रत्यक्ष जाळलेल्यांची नोंद ५७, पुतळ्याच्या रूपाने जाळलेले ६४. पुतळा म्हणजे आरोपी फरार किंवा आधीच मेलेला. वैद्य गार्सिया द ऑर्ता १५६८ मध्ये वारला. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

५७ हा आकडा बघून ‘एवढंच?’ म्हणणाराही चुकतो. कोठडी, जप्ती, देशोधडी आणि पिवळ्या झग्याची नाचक्की त्यात धरलेली नाही.